धुराच्या गाडीऐवजी काय? डास, गाजरगवत आणि उंदरांसाठी नगर परिषदेचा ठराव कसा असावा?

मांजराकाठ यांचा प्रश्न:

नमस्कार. बीड जिल्ह्यातील एका लहान नगर परिषदेवर मी पहिल्यांदाच निवडून आले आहे आणि स्वच्छता व सार्वजनिक आरोग्याच्या विषय समितीचे काम माझ्याकडे आले आहे. पावसाळ्यापूर्वीच्या बैठकीत डासनियंत्रणाचा विषय मंजुरीसाठी येईल, म्हणून मागच्या काही वर्षांच्या संचिका मागवून वाचल्या. त्यांत फॉगिंग मशीनचे तास, डिझेल, मॅलॅथिऑन या कीटकनाशकाचे लिटर, गटारीच्या कडेने टाकायच्या पावडरीची पोती आणि तणनाशकाचे कॅन यांचा हिशेब नीट लावलेला आहे. मात्र डास कुठे वाढतात, फवारणीनंतर ते कमी झाले का, डेंग्यूचे संशयित रुग्ण कोणत्या गल्लीत निघाले, याविषयीचा एकही कागद त्या संचिकांत नाही.

आमच्याकडे नळाला साधारण आठ दिवसांनी पाणी येते आणि उन्हाळ्यात ते अंतर आणखी वाढते. त्यामुळे प्रत्येक घरात हौद, रांजण, निळे ड्रम आणि गच्चीवर टाकी असतेच. दरवर्षी ऑगस्टपासून तापाची साथ सुरू झाली की लोक धुराच्या गाडीची मागणी करतात, सदस्यही आपल्या प्रभागात ती आधी यावी म्हणून आग्रह धरतात आणि गाडी येऊन गेली की सर्वांचे समाधान होते. गाडीमागे लहान मुले धुरात धावतात, फवारणी करणाऱ्या कामगारांच्या तोंडाला रुमालापलीकडे काही नसते, आणि तणनाशक मारलेल्या जागेत शेळ्या चरताना मी स्वतः पाहिल्या आहेत.

रसायनांचा वापर शक्य तितका कमी करणारे, पाणी, माती आणि माणसे यांना जपणारे धोरण परिषदेने ठरावाद्वारे स्वीकारावे, असे मला वाटते. केवळ ‘पर्यावरणपूरक’ हा शब्द घालून ठराव करणे सोपे आहे, पण त्याने संचिकेतला हिशेब बदलणार नाही. ज्यांनी हे काम प्रत्यक्ष केले आहे, त्यांनी सांगावे की धूर पूर्ण बंद करता येतो का, साठवलेल्या पाण्याचे काय करावे, आणि गाजरगवत व मोंढ्यातील (धान्य बाजारातील) उंदीर यांचाही विचार याच ठरावात कसा बसवता येईल.

निवृत्त पर्यवेक्षक यांचे उत्तर:

ताई, संचिका वाचून प्रश्न विचारलात, याचा आनंद वाटला. हिवताप विभागात आरोग्य सेवक ते पर्यवेक्षक अशी माझी नोकरी मराठवाड्यातच झाली. त्या आधारावर थोडे विस्ताराने लिहितो.

प्रथम हे लक्षात घ्यावे की लोक ज्या डासाची तक्रार करतात तो आणि ज्या डासामुळे रुग्णालय भरते तो, हे वेगवेगळे आहेत. रात्री कानाशी गुणगुणणारा क्युलेक्स गटारी, सांडपाण्याची डबकी आणि संडासाच्या टाक्यांत वाढतो. तो त्रासदायक आहे आणि हत्तीरोगही पसरवतो, परंतु डेंग्यू आणि चिकुनगुनिया पसरवणारा एडिस गटारीत वाढत नाही. त्याला घरातले स्वच्छ, साठवलेले पाणी लागते, आणि तो दिवसा, विशेषतः सकाळी आणि दुपार कलल्यावर चावतो. पलंगाखाली, पडद्यामागे, खुंटीवर टांगलेल्या कपड्यांत तो बसलेला असतो. रस्त्याने जाणाऱ्या गाडीचा धूर तिथपर्यंत पोहोचतच नाही, कारण धुरळणीचे औषध हवेत उडणाऱ्या डासाला थेंब लागला तरच काम करते. अंडी, अळी आणि कोष यांवर त्याचा काहीही परिणाम होत नाही. उन्हाळ्या-पावसाळ्यात अंड्यापासून डास तयार व्हायला आठवडा ते दहा दिवस लागतात. म्हणजे सोमवारी धूर केला तरी पाण्यातल्या अळ्या मंगळवारपासून रोज डास होऊन बाहेर पडत राहतात.

आता साठवलेल्या पाण्याविषयी. आपल्याकडे ‘आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळा’ असे फलक लावले जातात. ज्या गावात रोज पाणी येते त्या गावासाठी हा सल्ला योग्य आहे. आठ-दहा दिवसांनी नळ येणाऱ्या घरातील बाईला भरलेला हौद ओतून द्या म्हणणे हा मात्र शहाणपणा नव्हे. ज्या भागाने २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने आलेले पाणी पाहिले आहे, तिथे पाणी ओतून देण्याचा उपदेश कोणी ऐकणार नाही, आणि ऐकूही नये.

यावर उपाय डासाच्या सवयीतच आहे. एडिसची मादी पाण्यावर अंडी घालत नाही. ती पाण्याच्या रेषेच्या किंचित वर, भांड्याच्या ओलसर आतल्या भिंतीला अंडी चिकटवते. ती काळी, बारीक, डोळ्याला धूळ वाटावी अशी असतात आणि कोरडी पडली तरी कित्येक महिने जिवंत राहतात. नळ आला, हौद भरला, पाणी त्या रेषेवर चढले की अंडी फुटतात. आपल्या गावांत नळाचा दिवस हाच अळ्या जन्मण्याचा दिवस असतो. म्हणून हौद घासायचा तो नळ येण्याच्या आदल्या दिवशी. तेव्हा तळाशी हंडा-दोन हंडे पाणी उरलेले असते, ते कपड्याने गाळून बादलीत काढता येते किंवा सांडायला वापरता येते, आणि आतली भिंत काथ्याने किंवा ताठ ब्रशने खरवडून काढता येते. नुसते पाणी फिरवल्याने अंडी सुटत नाहीत, घासावेच लागते. पाणीपुरवठा विभागाकडे कोणत्या भागाला कोणत्या दिवशी पाणी सोडायचे याचे वेळापत्रक असतेच. आरोग्य विभागाने तेच हातात घेऊन प्रत्येक भागासाठी आदल्या दिवशीची दवंडी लावावी, घंटागाडीवरून ती ऐकवावी. साऱ्या शहराला एकच कोरडा दिवस ठरवण्यात अर्थ नाही. घासून झाल्यावर हौदाला घट्ट झाकण किंवा दोन पदरी सुती कापड दोरीने बांधलेले हवे. वर फळी टाकून कडेने बोटभर फट राहिली तर मादीला तेवढी पुरते.

जे घासता येत नाही, म्हणजे बांधकामावरचे हौद, मंदिराजवळची बारव, वापरात नसलेल्या टाक्या, तिथे गप्पी मासे सोडावेत. ते पिले घालतात, म्हणून एकदा रुजले की पुन्हा आणावे लागत नाहीत. एक पथ्य मात्र कसोशीने पाळावे. गप्पी किंवा गंबुसिया हे आपल्या नद्यांचे मासे नव्हेत. गंबुसिया भारतात १९२८ मध्ये आणला गेला आणि जगातील सर्वांत उपद्रवी परक्या जातींच्या यादीत त्याचे नाव आहे. तो स्थानिक माशांची अंडी आणि बेडकांची पिले खातो. म्हणून नदी, ओढा, पाझर तलाव यांत हे मासे सोडू नयेत. पावसाळ्यात जे तळे वाहून ओढ्याला मिळते त्यातही सोडू नयेत. बंदिस्त पाणी असेल तिथेच सोडावेत.

रसायन वापरावेच लागले तर अळीनाशकापासून सुरुवात करावी. गटारी आणि डबक्यांसाठी बीटीआय हे जिवाणूजन्य औषध मिळते. कापसामुळे आपल्याला बीटी हे नाव माहीत आहे. हा त्याच जिवाणूचा वेगळा प्रकार असून तो डासांच्या आणि त्यांच्या जवळच्या काही माश्यांच्या अळ्यांनाच मारतो. मासे, मधमाश्या, गुरेढोरे यांना त्याचा अपाय नाही. उन्हात त्याचा जोर लवकर ओसरतो, म्हणून एक-दोन आठवड्यांनी पुन्हा टाकावे लागते. टेमिफॉस, ज्याला आपले कर्मचारी अ‍ॅबेट म्हणतात, ते वापराच्या पाण्यात प्रमाणशीर चालते, परंतु प्रमाण मोजून द्यावे लागते, अंदाजाने बाटली उपडी करून चालत नाही. डबक्यात जळके ऑइल ओतण्याची जुनी पद्धत मात्र बंदच करावी. अळ्या त्याने गुदमरतात हे खरे असले तरी ते तेल पावसाबरोबर मातीत आणि विहिरीत जाते. गटारीच्या कडेला टाकली जाणारी पांढरी पावडर काय आहे, हेही एकदा पोते उलटून वाचावे. बीएचसी या जुन्या कीटकनाशक पावडरीवर १९९७ पासून बंदी आहे, तरी लोक अजून प्रत्येक पांढऱ्या पावडरीला त्याच नावाने ओळखतात. पोत्यात नुसता चुना असेल तर त्याने डास मरत नाही.

धूर पूर्ण बंद करण्याचा आग्रह धरू नये. साथ उसळली असताना रुग्णाच्या घरात आणि शेजारच्या घरांत, दारे-खिडक्या लावून केलेली पायरेथ्रम या कीटकनाशकाची फवारणी उपयोगी पडते. दोन टक्के पायरेथ्रम अर्काचा एक भाग आणि रॉकेलचे एकोणीस भाग, असे त्याचे मिश्रण असते. ते घरातच बसलेल्या डासावर जाते. सुदृढ गावात दर आठवड्याला रस्त्याने धूर सोडणे हा खर्च मात्र वाया जातो.

मोंढा रोड यांचे उत्तर:

साहेबांचे लेखन अभ्यासपूर्ण आहे, पण एका किराणा व्यापाऱ्याच्या नजरेने दोन गोष्टी मांडतो. नागरिक कर भरतात आणि त्यांना त्याचे काहीतरी दिसावे अशी अपेक्षा असते. धुराची गाडी दिसते. अळी तपासायला आलेला माणूस दिसत नाही, आणि दिसला तर तो घरात शिरून आमचे हौद तपासतो, वर दंडाची भीती घालतो. आमच्या गल्लीत दुपारी घरी फक्त बायका असतात, तेव्हा अनोळखी कंत्राटी कर्मचाऱ्याला आत घेणार कोण?

दुसरे असे की नागरिकांचे रांजण तपासण्याआधी परिषदेने स्वतःच्या मालमत्ता पाहाव्यात. आमच्या दुकानासमोर पाइपलाइनच्या व्हॉल्व्हचा जो खड्डा आहे, त्यात वर्षातले बाराही महिने पाणी साठलेले असते. परिषदेच्या आवारात मोडक्या घंटागाड्यांचे टायर पडले आहेत. भाजी मार्केटच्या मागची गटार अर्धवट बांधून सोडली आहे आणि तिला उतारच नाही. हे सगळे सोडून बाईच्या हौदात बॅटरी मारणे न्यायाचे वाटत नाही.

निवृत्त पर्यवेक्षक यांचे उत्तर:

आपले दोन्ही आक्षेप रास्त आहेत, आणि दुसरा तर ठरावात पहिल्या क्रमांकाने जायला हवा. व्हॉल्व्हचे खड्डे, टायर, पाण्याच्या टाक्यांची उघडी झाकणे, शाळांच्या गच्च्या, बांधकाम परवानगी दिलेल्या इमारतींच्या स्लॅबवर क्युरिंगसाठी केलेले पाण्याचे आळे, या सर्वांची यादी परिषदेने स्वतः करून आधी निकाली काढावी. तसे केल्याशिवाय नागरिकांना नोटीस देण्याचा नैतिक अधिकार परिषदेला उरत नाही.

घरात शिरण्याविषयी सांगायचे तर हे काम आशा ताई आणि त्याच गल्लीतल्या बचत गटाच्या महिलांकडे, त्यांना रीतसर मोबदला देऊन, सोपवावे. दंड करण्यापेक्षा दाखवण्याने अधिक काम होते. बॅटरीचा झोत हौदात टाकून कडेवर टिचकी मारली की अळ्या वळवळत तळाला जातात आणि मिनिटभरात श्वास घ्यायला पुन्हा वर येतात. वाटीभर पाणी पांढऱ्या बशीत काढून घरच्या बाईच्या हातात दिले आणि “यातून दोन-तीन दिवसांत डास निघेल” असे सांगितले, की पुढच्या वेळी ती स्वतःच झाकण बांधून ठेवते. मी हे अनेक घरांत घडताना पाहिले आहे. लोकांना काहीतरी दिसायला हवे, हा आपला मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. म्हणून अळी दाखवावी.

एक राहिले. कूलर. जूनमध्ये पहिला पाऊस झाला की आपल्याकडे कूलर बंद होतो आणि तळाला पाणी तसेच ठेवून तो कोपऱ्यात ढकलला जातो. आतल्या गवताच्या जाळ्यांनाही अंडी चिकटलेली असतात. कूलर रिकामा करून, घासून, जुने गवत काढून टाकण्याची दवंडी जूनच्या पहिल्या आठवड्यात द्यावी. फ्रीजच्या मागचा ट्रे याच यादीतला आहे, तो बहुतेकांना माहीतच नसतो.

गोदाकाठची ग्रामपंचायत यांचे उत्तर:

नांदेड जिल्ह्यात आम्ही गटारीच्या बाजूने या प्रश्नाला हात घातला, म्हणून तेवढ्यापुरते लिहितो. हिमायतनगर तालुक्यातील टेंभुर्णी या गावाने घरोघरी शोषखड्डे घेऊन उघडी गटारे आणि डबकी संपवली आणि डासमुक्त गाव म्हणून नाव मिळवले. पुढे जिल्ह्यात अनेक गावांनी तो मार्ग धरला. रोजगार हमी योजनेतून शोषखड्ड्याचे काम घेता येते. चार फूट लांब, तेवढाच रुंद आणि तेवढाच खोल खड्डा, मधोमध भोके पाडलेली सिमेंटची टाकी, तिच्याभोवती दगडगोटे, वर झाकण, अशी साधी रचना असते. न्हाणी आणि भांडी घासायच्या मोरीचे पाणी त्या टाकीत उतरते, गाळ तळाशी राहतो आणि पाणी भोकांतून बाजूच्या मातीत मुरते. उघडे पाणीच नसल्यामुळे क्युलेक्सला घर उरत नाही.

हे वाचून कोणी उद्याच खड्डे घ्यायला निघेल, म्हणून मराठवाड्यापुरती सावधगिरीची सूचना देतो. आपली काळी माती भिजली की फुगते आणि पाणी मुरू देत नाही. चार फुटांत नुसती काळी मातीच लागली तर खड्डा पहिल्याच पावसाळ्यात तुंबतो, वरून पाणी वाहते आणि लोक म्हणतात की योजना फसली. खड्डा मुरूम लागेपर्यंत न्यावा लागतो. मुरूम फार खोल असेल तर त्या गल्लीत शोषखड्ड्याचा हट्ट सोडून बंदिस्त नाली घ्यावी आणि शेवटी परसबागेत किंवा झाडांत पाणी सोडावे. खड्डा विहीर किंवा बोअरजवळ घेऊ नये. संडासाचे पाणी त्यात कधीही जोडू नये. टाकीतला साबणाचा गाळ वर्षातून एकदा काढावा लागतो, आणि हे काम कोणाचे हे आधी ठरले नाही तर ते कोणीच करत नाही.

आता जवळपास प्रत्येक घराला शौचालय झाले आहे आणि त्याच्या टाकीचा गॅसपाइप गच्चीच्या वर उघडा असतो. त्यातून रात्री डासांचा थवा निघतो. पाइपच्या तोंडाला बारीक जाळी किंवा जुन्या कपड्याची पट्टी बांधली की तेवढे बंद होते. एवढ्या कमी खर्चात एवढा मोठा फरक पाडणारे दुसरे काम मी पाहिलेले नाही. नगर परिषदेने घरपट्टीच्या पावतीबरोबर जाळी वाटली तरी चालेल.

शिवारकीटक यांचे उत्तर:

मी कृषी विभागात काम करतो. गाजरगवत आणि उंदीर या दोनच गोष्टींवर लिहितो, डासांवर वर पुरेसे झाले आहे.

गाजरगवत १९५५ च्या सुमारास पुण्यात प्रथम नोंदवले गेले आणि आज मराठवाड्यातील कोणतीही मोकळी जागा त्यावाचून नाही. त्याच्या परागांमुळे दमा आणि त्वचेचे विकार होतात, म्हणून त्याचा बंदोबस्त हा परिषदेच्या आरोग्याच्या कामात मोडतो. तणनाशकाविषयी ताईंची काळजी योग्य आहे. ग्लायफोसेट या तणनाशकाचा वापर केवळ कीड नियंत्रण चालकांपुरता मर्यादित करणारी अधिसूचना केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये काढली होती. परिषदेच्या रोजंदारी कामगाराच्या पाठीवर पंप देऊन शाळेच्या कुंपणाला ते मारणे कोणत्याही दृष्टीने समर्थनीय नाही. तणनाशकाने मेलेल्या झाडाच्या जागी पुढच्या पावसात त्याचेच बी उगवते, कारण एका झाडाला हजारो बिया येतात आणि जमीन मोकळीच राहिलेली असते.

खरे काम जुलैमध्ये, फुलोऱ्यापूर्वी, जमीन ओली असताना, हातमोजे घालून झाडे मुळासकट उपटण्याचे आहे. फुले आल्यावर उपटून ट्रॉलीतून वाहून नेले तर बी गावभर सांडते. ज्या पडीक जागांवर माणसे लावता येत नाहीत तिथे मेक्सिकन भुंगे सोडावेत. हा भुंगा मेक्सिकोतून आणून १९८४ मध्ये प्रथम बेंगळुरू येथे सोडण्यात आला. त्याच्या अळ्या आणि भुंगे गाजरगवताची पाने खाऊन झाडाचा सांगाडा करतात. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात परोपजीवी कीटक संवर्धनाचे काम चालते, तिथे भुंग्यांसाठी जूनमध्येच चौकशी करावी. हिवाळ्यात भुंगे जमिनीत सुप्तावस्थेत जातात, म्हणून ऑक्टोबरनंतर सोडून उपयोग नाही, आणि जिथे ते सोडले तिथे कोणतेही कीटकनाशक किंवा तणनाशक मारू नये. हे लिहिण्याचे कारण असे की एका विभागाने भुंगे सोडावेत आणि दुसऱ्याने त्याच जागी फवारणी करावी, हे आपल्याकडे सहज घडू शकते. मोकळ्या झालेल्या जागी तरोटा किंवा टाकळ्याचे बी फेकावे. ही झाडे दाट वाढून गाजरगवताला वर येऊ देत नाहीत.

मोंढ्यातील उंदरांसाठी विषाच्या गोळ्यांवर भिस्त ठेवू नये. ब्रोमाडिओलोनसारखे विष खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही, तो काही दिवस सुस्त होऊन उघड्यावर फिरतो आणि घुबड, घार किंवा मांजराच्या तोंडी पडतो. त्यामुळे उंदीर खाणारे प्राणी आधी संपतात. सांडलेले धान्य रोज झाडणे, पोती भिंतीपासून हातभर दूर आणि लाकडी फळ्यांवर रचणे, गोदामाच्या दाराखाली पत्र्याची पट्टी मारणे, बिळे काच-सिमेंटने बुजवणे आणि पिंजरे लावणे, ही कामे बाजार समिती आणि व्यापारी यांनी मिळून करावयाची आहेत. जुन्या इमारतीतले गव्हाणी घुबड अपशकुनी म्हणून हुसकावू नये, उंदीर हेच त्याचे मुख्य अन्न आहे.

टिपणी लेखक यांचे उत्तर:

नगर परिषदेच्या सेवेत अनेक वर्षे ठराव आणि निविदांच्या टिपण्या लिहिल्या असल्याने कागदाच्या बाजूने मत देतो. वरच्या सर्व सूचना योग्य असल्या तरी त्या ठरावात ‘उपाययोजना कराव्यात’ अशा शब्दांत गेल्या तर देयके पूर्वीप्रमाणेच निघतील. कंत्राटदाराला पैसे कशाचे मिळतात, त्यावर काम ठरते. धुराच्या तासाला दर असेल तर तास वाढतील, पावडरीच्या पोत्याला दर असेल तर पोती वाढतील. म्हणून देयकाची बाब बदलावी. किती घरे तपासली, किती घरांत अळी सापडली आणि पुढच्या फेरीत त्यातली किती घरे स्वच्छ निघाली, याला दर असावा. तपासलेल्या शंभर घरांमागे किती घरांत अळी आढळली, याला आरोग्य खाते हाऊस इंडेक्स म्हणते. तो आकडा प्रभागनिहाय दर आठवड्याला कार्यालयाच्या फलकावर लावावा. पडताळणी कंत्राटदाराच्या माणसांनी करू नये. चिठ्ठी टाकून निवडलेल्या घरांची फेरतपासणी प्राथमिक आरोग्य केंद्राचे कर्मचारी किंवा स्थानिक महाविद्यालयातील प्राणिशास्त्राचे विद्यार्थी करू शकतात.

अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को शहराने १९९६ मध्ये शहराच्या जागांवरील कीटकनाशकांचा वापर कमी करण्यासाठी एक स्थानिक कायदा केला. तिथले हवामान आणि अडचणी आपल्यापेक्षा वेगळ्या आहेत, त्यामुळे त्याची नक्कल करण्याचे कारण नाही. मात्र त्यातील दोन युक्त्या आपल्या कामाच्या आहेत. शहराच्या मालकीच्या जागांवर कोणती औषधे वापरता येतील याची मर्यादित यादी आधीच मंजूर केलेली असते, आणि यादीबाहेरचे काही वापरायचे असेल तर संबंधित विभागाला लेखी कारण देऊन सवलत मागावी लागते. शिवाय फवारणीपूर्वी त्या जागी सूचना लावावी लागते. आपल्या परिषदेत यातले काहीही करायला नवा कायदा लागत नाही. सार्वजनिक आरोग्य आणि स्वच्छता हा विषय राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीत नागरी स्थानिक संस्थांकडे दिलेला आहेच.

निविदेच्या अटींत कीटकनाशक अधिनियम, १९६८ खालील परवाना, नोंदणीकृत औषध, लेबलवरील प्रमाण, कामगारांना हातमोजे, मास्क, गमबूट आणि रिकाम्या डब्यांची विल्हेवाट यांचा स्पष्ट उल्लेख करावा. रिकामा डबा कामगार घरी नेतो आणि त्यात पाणी भरतो, हे अनेक ठिकाणी चालते. म्हणून जितके डबे दिले तितके, भोक पाडून, परत घेतल्याशिवाय देयक काढू नये. प्रत्येक वापराची नोंद एका वहीत असावी: तारीख, जागा, औषध, प्रमाण, कारण आणि सांगणाऱ्याची सही. कारणाचा रकाना रिकामा असेल तर लेखापरीक्षणात आक्षेप घेता येईल.

मांजराकाठ यांचा प्रतिसाद:

सर्वांचे आभार. नळाच्या वेळापत्रकाला घासणीचा दिवस जोडण्याची सूचना पाणीपुरवठा अभियंत्यांना दाखवली. ते वेळापत्रक आरोग्य विभागाला द्यायला तयार आहेत, परंतु वीज गेली की पाणी एक-दोन दिवस पुढे जाते, अशी त्यांची अडचण आहे. व्हॉल्व्हच्या खड्ड्यांची यादी मुख्याधिकाऱ्यांकडे मागितली आहे आणि मोंढा रोड यांच्या दुकानासमोर आहे तसे खड्डे त्यात सर्वांत वर असावेत असे सांगितले आहे.

ठरावाच्या मसुद्यात एका ठिकाणी अडले आहे. घरातील फवारणी केव्हा सुरू करायची, हे कोण ठरवणार? खासगी दवाखान्यात कार्डवरची झटपट तपासणी पॉझिटिव्ह आली की त्या गल्लीतून लगेच फोन येतात. शासकीय अहवाल यायला वेळ लागतो. अहवालाची वाट पाहावी तर उशीर होईल, आणि प्रत्येक फोनवर यंत्र पाठवावे तर पूर्वीचेच चक्र चालू राहील.

निवृत्त पर्यवेक्षक यांचे उत्तर:

पाणी पुढे गेले तर घासणीही पुढे जाईल, फक्त व्हॉल्व्हमनने सकाळी आरोग्य विभागाला फोन करावा आणि घंटागाडीवर तेच सांगितले जावे. गावात पाण्याची खरी बातमी व्हॉल्व्हमनकडेच असते.

फवारणीचा निर्णय दोन पायऱ्यांत विभागावा. संशयित रुग्णाची माहिती, मग ती कार्डवरची असो वा नुसत्या लक्षणांची, आली की त्याच दिवशी रुग्णाच्या घराभोवतीच्या किमान पन्नास घरांत अळीची तपासणी आणि तापाचे सर्वेक्षण सुरू व्हावे. याला कोणाचीही परवानगी लागू नये, कारण यात औषध नाही आणि चुकले तरी नुकसान नाही. रुग्णाच्या रक्ताचा नमुना त्याच वेळी खात्रीच्या, म्हणजे एलायझा, तपासणीसाठी शासकीय प्रयोगशाळेत पाठवावा. त्या पन्नास घरांत तापाचे आणखी रुग्ण आणि एडिसच्या अळ्या असे दोन्ही आढळले, किंवा एलायझा पॉझिटिव्ह आली, तर वैद्यकीय अधिकाऱ्याच्या लेखी सूचनेवरून तेवढ्याच घरांत पायरेथ्रमची फवारणी करावी. सूचना देण्याचा अधिकार वैद्यकीय अधिकाऱ्यालाच असावा. सभापतींना, सदस्यांना आणि मुख्याधिकाऱ्यांनाही तो नसावा. असे लिहिले तर प्रभागातून येणाऱ्या फोनला उत्तर देणे आपल्यालाही सोपे जाईल, ताई.

टिपणी लेखक यांचे उत्तर:

पर्यवेक्षक साहेबांची दुसरी पायरी मसुद्यात घेताना ‘वैद्यकीय अधिकारी’ म्हणजे कोण, हे पदनामासह लिहावे. लहान परिषदेकडे स्वतःचा वैद्यकीय अधिकारी नसतो, तेव्हा प्राथमिक आरोग्य केंद्राचा की ग्रामीण रुग्णालयाचा, हे ठरवून त्यांची लेखी संमती ठरावासोबत जोडावी. ती नसेल तर पहिल्याच साथीत पत्र कोणाच्या नावे पाठवायचे यावर चार दिवस जातील. मसुदा तयार झाला की इथे टाकावा, अटींची भाषा मी तपासून देईन.